कर्ज, आजार, मरण: अशा दिवसांत प्रभूची सोबत कशी शोधावी

सोयाबीन शेंगेतच कुजलं. त्याच महिन्यात घरातल्या म्हाताऱ्याला लकवा मारला आणि दवाखान्यासाठी व्याजाने पैसे काढावे लागले. आपल्या विदर्भात संकट असंच एकामागून एक येतं. ख्रिस्ती घरात त्यावर आणखी एक दुखणं असतं आणि ते सहसा कुणी बोलून दाखवत नाही. प्रार्थनेला गुडघे टेकले की समोर कोणी नाहीच असं वाटतं. गावात ख्रिस्ती घरं दोन-चार, चर्च तालुक्याला, पाळकसाहेबांकडे आणखी कितीतरी गावं. मग माणूस एकटाच घुसमटतो आणि शेवटी आपलाच विश्वास कमी पडला असं धरून बसतो.

त्या माणसासाठी हे लिहितो आहे. देवाची समक्षता म्हणजे आपल्याला येणारा एखादा अनुभव, असं मानून शोधायला निघालो तर संकटात हाती काही लागत नाही, कारण संकटात मनच आधी बधिर होतं. म्हणून जिथे भेटेन असं देवाने सांगून ठेवलं आहे तिथे जाऊन बसावं: खरं बोलण्यात, वचनात, भाकरीत, भावाबहिणींच्या संगतीत. काही वाटो वा न वाटो, जाऊन बसावं. ते कसं, एवढंच खाली आहे. पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. ज्याला चौथी आधी जमेल त्याने चौथीपासून सुरुवात करावी, पण पहिली कुणी गाळू नये.

पहिली पायरी: आधी जेवा, मग झोपा

पहिल्या राजांच्या पुस्तकात, 19व्या अध्यायात एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर त्याने आकाशातून अग्नी पडलेला पाहिला होता. तरी ईजबेल राणीची धमकी आली आणि तो खचला. "आता पुरे, माझा जीव घे," असं म्हणून तो तिथेच झोपी गेला. देवाने त्याला रागावलं नाही, विश्वास कुठे गेला असंही विचारलं नाही. दूताने त्याला हात लावून उठवलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी होतं. तो जेवला आणि परत झोपला. दूताने दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवू घातलं, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगराला पोहोचला आणि देवाची शांत, मंद वाणी त्याने ऐकली ती तिथे. भाकर, झोप, परत भाकर आणि मग वाणी, असा तो क्रम आहे.

आपल्या मंडळ्यांमध्ये संकटात सापडलेल्याला लगेच तीन दिवसांचा, सात दिवसांचा उपास सांगायची पद्धत आहे. उपास-प्रार्थनेला माझा विरोध नाही. पण काळजीने ज्याच्या पोटात आधीच अन्न गेलेलं नाही, ज्याला शुगरच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्याने त्या दिवसांत उपास धरू नये. उपास मंडळीने धरावा आणि त्याच्यासाठी खिचडी शिजवावी. घास गिळवत नसेल तर वरणाचं पाणी, ताक, काहीही चालेल. जेवायच्या आधी मोठ्याने उपकारस्तुती करा. त्या दिवशी तेवढीच प्रार्थना झाली तरी ती प्रार्थनाच आहे.

झोपेचंही तसंच. हरभऱ्याच्या ओलितासाठी थ्री फेज लाईन पुष्कळदा रात्रीच येते, आणि जो माणूस मनाने मोडला आहे तो थंडीत एकटा धुऱ्यावर (बांधावर) जागत बसतो. असे दिवस असतील तर भावाला, शेजाऱ्याला एक-दोन पाळ्या घ्यायला सांगा. मागायला लाजू नका. आणि झोप येत नाही म्हणून दारूकडे वळू नका. तिने आलेली झोप मध्यरात्री मोडते, मग उघडे डोळे घेऊन पडून राहावं लागतं आणि काळजी दुप्पट होऊन समोर उभी असते.

दुसरी पायरी: कागद देवापुढे पसरा

यहूदाचा राजा हिज्कीया याच्यावर अश्शूरचा सन्हेरीब चालून आला, तेव्हा सन्हेरीबाने धमकीचं पत्र पाठवलं. तुझा देव तुला वाचवणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. हिज्कीयाने ते पत्र वाचलं, घेऊन परमेश्वराच्या मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढे उलगडून पसरलं. दुसरे राजे, अध्याय 19. मला ही गोष्ट फार जवळची वाटते, कारण आपल्याकडेही संकट कागदाच्याच रूपाने घरात येतं: बँकेची नोटीस, सोनोग्राफीचा रिपोर्ट, कोर्टाचा समन्स, पोरीच्या सासरहून आलेली चिठ्ठी. आणि आपण तो कागद काय करतो? घडी करून धान्याच्या कोठीमागे नाहीतर गादीखाली लपवतो. बायकोला दाखवत नाही, देवालाही दाखवत नाही.

तो कागद बाहेर काढा. बाजेवर किंवा जमिनीवर चटई टाकून त्यावर पसरा. घरातलं विश्वासाचं एक माणूस सोबत घ्या, जमल्यास नवरा-बायको दोघंही बसा. मग एक कोरा कागद घ्या आणि लिहा: कुणाचं किती देणं आहे, कोणत्या तारखेला, कुणी काय म्हटलं. अंदाज नको, जे खरं आहे तेच. लिहिता येत नसेल तर शाळेतलं लेकरू लिहून देईल, पण लेकराला झेपेल एवढंच त्याच्यापुढे बोला. लिहून झालं की प्रत्येक ओळीवर बोट ठेवून प्रार्थना करा. "प्रभू, हे सोसायटीचं. हे सोनाराचं. हे मामाचं, हे मला सगळ्यात जड जातं."

असं केल्याने कर्ज कमी होत नाही. पण रात्री अंधारात जे डोंगराएवढं वाटत होतं त्यातलं उद्याच्या दिवसाचं काय आणि सहा महिन्यांनंतरचं काय, हे वेगळं दिसायला लागतं. प्रभूने रोजची भाकर आज मागायला शिकवलं, ते या कागदापुढे बसल्यावर समजतं. उद्या जे करायचं आहे त्या एका ओळीखाली रेघ मारा आणि बाकीचा कागद पवित्र शास्त्रात ठेवून द्या.

त्या कागदावर बिनपरवान्याच्या सावकाराचं नाव असेल तर प्रार्थनेसोबत एक कामही करा. महाराष्ट्रात 2014च्या सावकारी नियमन कायद्याने परवान्याशिवाय व्याजाचा धंदा करणं गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात देता येते. कोर्टाचं काम असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकिलाची सोय असते. बायकांना ती उत्पन्न न पाहता मिळते, आणि 15100 हा त्यासाठीचा फोन नंबर आहे. हिज्कीयाने प्रार्थना करण्याआधीच यशया संदेष्ट्याकडे माणसं पाठवली होती. मदतीला माणूस शोधणं म्हणजे देवावर भरवसा नसणं, असं शास्त्रात कुठेही नाही.

तिसरी पायरी: देवाजवळ तक्रार करा, आणि नीट करा

इथे आपण सगळ्यात जास्त अडखळतो. देवापुढे कुरकुर करू नये हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं, म्हणून तोंडातून "प्रभूची स्तुती असो" निघतं आणि आत आग पेटलेली असते. पण स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. ईयोबाने तर देवाला कोर्टात उभं करायची भाषा केली. आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्याच्या उपदेशक मित्रांना म्हणाला की माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. प्रभू येशूनेही वधस्तंभावर 22व्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? तो प्रश्न त्याने देवालाच विचारला, आणि "माझ्या देवा" म्हणूनच विचारला. कुरकुर देवाच्या पाठीमागे चालते. विलाप त्याच्या तोंडावर होतो.

तक्रार कशी करायची याचा नमुना 13व्या स्तोत्रात आहे. अवघी सहा वचनं. पहिल्या दोन वचनांत "किती काळ?" हा प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोनांत मागणं आहे, स्पष्ट आणि थोडक्यात. शेवटच्या दोनांत भरवसा. हे तीन भाग धरून स्वतःच्या बोलीत प्रार्थना करा. आपल्या बोलीत, म्हणजे जी भाषा तुम्ही पऱ्हाटी (कापूस) वेचताना बोलता तीच. चर्चमधली पुस्तकी मराठी वापरायची गरज नाही. एका बाईची प्रार्थना अशी असू शकते:

"देवा, काहून गप्प हायेस? किती दिवस वाट पाहू? दोनदा पेरलं. पऱ्हाटी उभी हाये, पन बोंडात अळी निंगाली. माह्या माणसानं जेवण सोडलं, तो भितीकडं तोंड करून पडून राह्यते. पोरगी म्हन्ते मी कालेज सोडतो. तुले दिसत नाही का? माह्याकडं पाह्य. माह्या माणसाले आज दोन घास जाऊ दे. शुक्रवारी बँकेत जायचं हाये, तवा संगं चाल, माह्या तोंडात शब्द दे. मांगं पोरगी तापानं फणफणली होती, तवा तूच होता, मले ठाऊक हाये. आता सोडू नको."

यात "किती दिवस" आहे, मागणं आहे, आणि शेवटी मागचं एक खरं काम आठवून धरलेला हात आहे. मागणं किती नेमकं आहे तेही पाहा: दोन घास, शुक्रवार, तोंडात शब्द. "आमचं सगळं चांगलं कर" अशी प्रार्थना केली की उत्तर आलं तरी ओळखता येत नाही. दोन घास गेले की ते दिसतं.

शेवटचा भाग जमतच नसेल तर ओढूनताणून आणू नका. 88वं स्तोत्र अंधारातच संपतं. त्यात एकही आशेची ओळ शेवटी येत नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि देवालाच उद्देशून आहे. कधीकधी शब्दही येत नाहीत, नुसतं कण्हणं येतं. रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात पौल लिहितो की आपल्याला प्रार्थना कशी करावी हे कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. वावरात कुणी नसताना धुऱ्यावर बसून नुसतं रडलात, तरी ते वाया गेलं असं समजू नका.

चौथी पायरी: एकच वचन, पण दिवसभर

संकटात चार-चार अध्याय वाचायचा नेम करू नका, तो मोडतो आणि मग त्याचाही दोष लागतो. एक वचन घ्या. वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून चुलीजवळ किंवा मोटरसायकलच्या टाकीवर चिकटवा. वाचता येत नसेल किंवा डोळे अधू असतील तर मराठी पवित्र शास्त्र मोबाईलवर ऐकायलाही मिळतं. नातवाला एकदा लावून द्यायला सांगा.

कोणतं वचन घ्यावं असं विचाराल तर कास्तकारासाठी मी हबक्कूकाच्या 3ऱ्या अध्यायातलं 17वं आणि 18वं सुचवेन. अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात ढोरं नाहीत, असं सगळं मोजून झाल्यावर संदेष्टा म्हणतो की तरी मी परमेश्वराठायी आनंद करीन. नुकसानीचा पंचनामा करावा तशी ती यादी आहे. एकही नुकसान त्याने लपवलेलं नाही, म्हणूनच त्याचं "तरी" मला खरं वाटतं. ज्याच्या घरात मयत झाली आहे त्याने 34व्या स्तोत्राचं 18वं वचन घ्यावं, भग्नहृदयी लोकांच्या जवळ परमेश्वर असतो हे.

पाचवी पायरी: आपल्या माणसांना कळू द्या

गेथशेमानेत प्रभूने पेत्र, याकोब आणि योहान यांना सोबत नेलं आणि माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, इथे माझ्याबरोबर जागे राहा, असं सांगितलं. देवाच्या पुत्राला त्या रात्री सोबतीला माणसं हवी होती. आपण मात्र सेवेनंतर "सलाम, सगळं बरं आहे" म्हणून बस पकडतो.

पाळकसाहेबांना, सिस्टरला किंवा महिला मंडळातल्या एखाद्या पोक्त बाईला गाठा आणि दोन वाक्यांत सांगा: काय झालं आहे आणि काय हवं आहे. "आमच्यासाठी प्रार्थना करा" एवढ्यावर थांबू नका. "शुक्रवारी अकराला बँकेत जायचं आहे, कुणी सोबत येईल का?" असं विचारा. घरी कॉटेज मीटिंग, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा, ठेवायची असेल तर जेवणावळीच्या खर्चात पडू नका, चहा पुरे. सगळ्यांपुढे सांगण्यासारखी गोष्ट नसेल तर एकालाच सांगा, आणि ज्याच्या पोटात गोष्ट राहते अशालाच सांगा. लहान गावात ही काळजी घ्यावीच लागते.

दोन प्रकारच्या माणसांपासून मात्र जपा. एक, जे म्हणतात की तुमच्या घरात लपलेलं पाप आहे म्हणून हे आलं. जन्मांधाकडे बघून शिष्यांनी हेच विचारलं होतं, कोणी पाप केलं, याने की याच्या आईबापांनी? प्रभूने दोन्ही नाकारलं. हे योहानाच्या 9व्या अध्यायात आहे. दुसरे, जे गोळ्या बंद करायला सांगतात किंवा बरं होण्याच्या प्रार्थनेसाठी पैशाचा आकडा सांगतात. लूक वैद्य होता आणि पौलाचा प्रिय होता. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला लिहिलं, म्हणजे औषध म्हणून जे तेव्हा होतं ते. टीबीच्या, फिटच्या, शुगरच्या गोळ्या सोडून बसलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. गोळी घेतानाही प्रभूचं नाव घेता येतं.

सहावी पायरी: संध्याकाळी एक गोष्ट शोधा

दिवेलागणीला, स्वयंपाक व्हायच्या आधी, आजच्या दिवसातली एक गोष्ट आठवा जिथे तुम्हाला आधार मिळाला. चमत्कार शोधू नका. कुणी न सांगता बैलांना पाणी पाजलं, दवाखान्यात कुणी बाकावर सरकून जागा दिली, लेकरू बऱ्याच दिवसांनी हसलं, एवढंही पुरे. ती एका ओळीत लिहा किंवा घरात बोलून दाखवा आणि प्रभूचे आभार माना. पहिले काही दिवस काहीच सापडणार नाही. तेव्हा "आज काही दिसलं नाही, प्रभू" असं लिहा, तेही खरंच आहे.

थोडं सावरल्यावर याच वेळी दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायला सुरुवात करा. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण 1870च्या दशकातल्या दुष्काळात गेले. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. पुढे 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, ज्यात तेव्हा नागपूर, वर्धा, चांदा (आजचं चंद्रपूर) हे आपले जिल्हे होते, तेव्हा रमाबाई स्वतः मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी मुलींना सोबत घेऊन गेल्या. भूक काय असते हे त्यांना सांगावं लागलं नाही. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमाही वारली, तेव्हा रमाबाई स्वतः थकलेल्या होत्या. दुःख संपल्यावर सेवा करू असं त्यांनी ठरवलं असतं तर ती वेळ आलीच नसती.

महिनोन् महिने काहीच वाटत नसेल तर

हे होतं, आणि खऱ्या विश्वासणाऱ्यांनाही होतं. पौलाने शरीरातला काटा काढून टाकावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. उत्तर मिळालं ते असं की माझी कृपा तुला पुरे आहे. अशा दिवसांत नवीन काही करू नका, जे चालू आहे ते चालू ठेवा: जेवण, एक वचन, रविवार, प्रभूभोजन. प्रभूभोजनाला मन तयार नाही म्हणून मागे राहू नका. भाकर हातात दिली जाते, ती घेण्यासाठी आत काही पेटलेलं असावं लागत नाही.

पण झोप पार उडाली असेल, कामावरून मन पूर्ण उठलं असेल, घरच्यांना आपलं ओझं होतंय, आपण नसलेलं बरं असे विचार येत असतील, तर ते विश्वासाचं अपयश समजू नका. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. गावातल्या आशाताईला सांगा, ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग कुठे आहे ते विचारा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं. घरात असा माणूस असेल तर कीटकनाशकाचे डबे आजच घराबाहेर काढा, शेजाऱ्याच्या कुलपात ठेवा, आणि त्याला एकटं सोडू नका. अशा रात्री त्याच्याशेजारी जागणाराही देवाने पाठवलेलाच असतो.

आणि जे भेटायला जातात त्यांच्यासाठी

ईयोबाचे तीन मित्र आले, जमिनीवर बसले, आणि सात दिवस सात रात्री एक शब्दही बोलले नाहीत. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. तुम्हीही जा, बसा, पाणी प्या. "देवाची इच्छा," "त्याला तिथे गरज होती" ही वाक्यं घरीच ठेवून जा. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेकडे जाताना थोड्याच वेळात तो उठणार हे प्रभूला ठाऊक होतं, तरी तो रडला.

पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं. पाहुणे परतले, सोयरे वेचणीला लागले की खरं एकटेपण सुरू होतं, म्हणून दुसऱ्या महिन्यात जा. ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला काढणं, तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज देणं, बँकेत नवऱ्याच्या खात्याचं विचारणं, ही कामं बाईला एकटीला करायला लावू नका. तिच्यासोबत बसने जा, रांगेत तिचा नंबर धरा, झेरॉक्सचे पैसे तुम्ही द्या. परतल्यावर दोन वाक्यांची प्रार्थना करा आणि पुढच्या वेळी केव्हा येणार तो वार सांगून निघा.